आमचा ड्राइव्ह-इन बैलगाडीचा होता

माझ्या भाच्यानं परवा मुंबईत बीकेसीतल्या मॉलच्या गच्चीवर, मोटारीत बसून पिक्चर पाहिला आणि फोटो टाकले. खाली त्याच्या कुणा दोस्तानं लिहिलं, 'हे आपल्या मराठवाड्यात यायला अजून पन्नास वर्षं लागतील.' मी उत्तर लिहायला घेतलं. ते इतकं लांबलं की पोराच्या भिंतीवर एवढा पसारा नको, म्हणून इथं टाकतोय. वेळ असेल त्यांनी वाचा, नसेल त्यांनी लाइक करून पुढं जा, नेहमीसारखं.

मुद्दा असा की उघड्या आभाळाखाली गाडीसकट येऊन पिक्चर बघायची सोय मराठवाड्यात होती. ती आली, गाजली आणि गेलीसुद्धा. फक्त गाडी बैलांची होती.

आधी मोटारवाल्यांचं उरकतो. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅम्डनला रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाच्या माणसानं ६ जून १९३३ ला पहिलं ड्राइव्ह-इन सुरू केलं. त्याची खरी अक्कल जमिनीच्या उतारात होती. मोटारींच्या रांगांसाठी त्यानं असे उंचवटे केले की प्रत्येक मोटारीचं नाक जरा वर राहावं आणि पुढच्या मोटारीचं टप आड येऊ नये. पेटंट घेतलं ते याचंच. पन्नासच्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेत अशी चार हजारांवर थिएटरं होती. मग जमिनीचे भाव चढले, उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं करायचं ठरल्यानं अंधार उशिरा पडू लागला, घरोघरी व्हिडिओ आला आणि बहुतेकांच्या जागी दुकानं उभी राहिली. आपल्याकडं अहमदाबादेत १९७३ साली निघालं, वांद्र्याला त्याच दशकात निघालं. वांद्र्याचं केव्हाच बंद झालं, तिथं आता काचेच्या इमारती आहेत. यातली जमिनीच्या भावाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता आमचं. नांदेड-लातूर रस्त्यावरचं, लोहा तालुक्यातलं माळेगाव. खंडोबाची जत्रा, मार्गशीर्षातली अमावास्या, हाडं गोठवणारी थंडी. घोडे, उंट, गाढवं, बैल, तमाशाचे फड आणि त्या सगळ्या धुरळ्यात एका बाजूला टूरिंग टॉकीजचे तंबू. आमचं गाव अहमदपूरकडलं. घरची गाडी जुंपून, मागं कडबा आणि पुढं लेकरं टाकून आम्ही जायचो. तंबूच्या मागच्या मोकळ्या रानात गाडी सोडायची, जू टेकवायचं, बैलांपुढं कडबा टाकायचा आणि घोंगडी काखेत मारून आत. आत म्हणजे चारी बाजूंनी कनात, वरून उघडं, खाली जमीन. मागं थोड्या पत्र्याच्या खुर्च्या, त्या गावच्या पाटलासाठी आणि ज्याला आपण पाटील आहोत असं वाटतं त्याच्यासाठी.

ज्यांच्याकडं तिकिटाचे पैसे नसायचे ते गाडीवरच उभे राहायचे. तट्ट्यावर पाय देऊन, एकमेकांच्या खांद्याला धरून. कनातीवरून पडद्याचा वरचा अर्धा भाग दिसायचा. हॉलिंग्सहेडनं उंचवट्याचं गणित सोडवलं होतं, आमचं तेवढं राहिलं होतं. त्यामुळं आमच्या भावकीतल्या एका काकांनी सगळे पिक्चर छातीच्या वरचेच पाहिले. हाणामारीत हिरो खाली पडला की तो काकांपुरता गायब, पुन्हा उठेस्तोवर काय झालं ते आतल्यांच्या आवाजावरून ताडायचं. नाचात पाय कसे पडतात यावर त्यांचं काहीही मत नव्हतं.

तंबूचं यंत्र म्हणजे एक जुनी लॉरी. तिच्या मागच्या हौद्यात मशीन बसवलेलं, भोकातून उजेडाचा झोत सरळ पडद्यावर. बाजूला जनरेटर. माझा एक चुलतमामा अशा तंबूवर ऑपरेटरच्या हाताखाली होता, त्यामुळं मला हौद्यात चढायला मिळायचं. ही माझ्या आयुष्यातली एकमेव वशिल्याची नोंद.

मशीनमध्ये दिवा नसायचा. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर टेकवून, जरा दूर करायच्या, की मधल्या फटीत डोळे दिपवणारी ज्योत पेटायची. कांड्या जळत जातात, फट वाढत जाते, आणि फट वाढली की पडदा पिवळा पडतो. म्हणून ऑपरेटर काळ्या काचेतून बघत सारखा खुंटी पिळून कांड्या जवळ आणायचा. त्याची विडी पेटवण्यात दोन सेकंद जास्त गेली की आतून ओरडा. उरलेल्या तुकड्यांवरचं तांब्याचं पातळ कवच आम्ही पोरं नखानं सोलायचो.

फिल्म तुटली की मामाचं काम सुरू. तुटलेलं टोक तो ओठांत धरायचा. ज्या बाजूला चित्राचा थर असतो ती बाजू ओठाला चिकटते, दुसरी चिकटत नाही. अंधारात बाजू ओळखायची तीच रीत. मग ब्लेडनं तेवढा थर खरवडायचा, उग्र वासाचं सिमेंट ब्रशनं लावायचं, दुसरं टोक वर बसवून दाबायचं. प्रत्येक जोडात एक-दोन चौकटी कायमच्या जातात. आणि गंमत म्हणजे फिल्मच्या कडेला जो आवाज छापलेला असतो तो त्याच्या चित्राच्या शेजारी नसतो, साधारण वीस चौकटी पुढं असतो. त्यामुळं जोडावर आधी चित्र उडी मारतं आणि जवळजवळ सेकंदानं आवाज. हे मामानं मला सांगितलं तेव्हा मी सातवीत असेन. भौतिकशास्त्राच्या सरांनी बारावीपर्यंत इतकं नीट काही समजावल्याचं आठवत नाही.

हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं. तीन तासांचा पिक्चर म्हणजे सोळा-सतरा रिळं, जवळजवळ पाच किलोमीटर फिल्म, पत्र्याच्या पेट्यांमध्ये. मशीन एकच. रीळ संपलं की पडदा पांढरा, आणि दुसरं चढेस्तोवर शिट्ट्या, चहावाला, लेकरांना लघवीला नेणं, हरवलेल्या लेकराची कर्ण्यावरून घोषणा. थिएटरात एक मध्यंतर असतं, आमच्याकडं पंधरा-सोळा असायची.

हे सगळं रम्य वगैरे वाटत असेल तर थांबा. पिक्चर दिसायचा कसा? पडद्यावर सतत पाऊस. प्रिंट इतकी घासलेली की उभ्या रेघांआड नट शोधावा लागे. आणि याचं कारण मला खूप उशिरा कळलं. ते कळल्यावर मला या विषयावर बोलायची खरी खुमखुमी आली.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. सगळ्यांनी मान्य केलं, सिनेमाच्या धंद्यानं केलं नाही. हिंदी पिक्चरच्या वितरणासाठी देशाचे जे भाग पाडलेले आहेत त्यात पुणं 'बॉम्बे'त, विदर्भ 'सीपी-बेरार'मध्ये, आणि मराठवाडा 'निजाम'मध्ये. विश्वास नसेल तर कुठल्याही जुन्या ट्रेडवाल्याला विचारा. हैदराबादेतला दरबार उठला, शाळेच्या पुस्तकातून मुक्तिसंग्राम शिकून आमच्या पिढ्या म्हाताऱ्या झाल्या, पण पिक्चरच्या हिशेबाच्या वहीत आम्ही निजामाचीच रयत.

मामाच्या मालकाकडं हिंदीची पेटी यायची ती हैदराबादच्या बाजूनं. आधी शहरं, मग जिल्ह्याची ठिकाणं, मग तालुक्याची टॉकीज, आणि सगळ्यांचं बघून झालं की तंबू. त्या मोठ्या मुलुखात आम्ही एका टोकाला, वेगळी भाषा बोलणारे, वितरकाच्या लेखी किरकोळ. म्हणून पाऊस. माणसं म्हणतात मराठवाड्यात दुष्काळ. पडद्यावर कधी नव्हता.

मराठी पिक्चरची गोष्ट वेगळी होती आणि तंबूला जगवलं ते मराठी पिक्चरनं, असं माझं मत आहे. देवाधर्माचे, सासुरवाशिणींचे, ग्रामीण विनोदाचे. शहरात त्यांना नाकं मुरडणारे पुष्कळ. पण ज्या पिक्चरवर पुण्यात टीकाकार एक ओळ लिहायचे, त्यावर इकडं मालकाचं वर्ष निघायचं.

आणि ते बघायला कोण यायचं? बाया. टूरिंग टॉकीजवर लिहिणारे मशीनवर लिहितात, पोस्टरवर लिहितात, भोंग्यावर लिहितात, मीही वर तेच केलं. या सगळ्या खटाटोपाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बायका होत्या, हे कुणी लिहीत नाही.

तालुक्याच्या टॉकीजमध्ये रात्रीच्या खेळाला आमच्या घरची बाई गेली असती तर गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. दिवसा गेली असती तरी फार फरक नव्हता. जत्रेची गोष्ट वेगळी. जत्रेला जाणं म्हणजे देवाला जाणं, आणि देवाला जायला कोण अडवणार? खंडोबाला भंडारा वाहिला, तळी उचलली, भाकरी खाल्ली, आता रात्र काढायचीच आहे तर थंडीत गाडीखाली कुडकुडण्यापेक्षा तंबूत बसलेलं काय वाईट. असा तो हिशेब. माझी थोरली चुलती, आम्ही तिला आक्काच म्हणायचो, वर्षभर घर-शेत-गोठा सोडून कुठं जात नसे. पण जत्रेत पहिला खेळ सुटला की ती दुसऱ्या खेळाच्या रांगेत. चुलते एकदा म्हणाले, "किती बघलालीस गं? देवाला आलीस का पिक्चरला?" आक्का म्हणाली, "देवाचं झालं की सकाळीच. देव काय रातभर जागा राहतो का?"

आत मधोमध दोरी बांधलेली असायची. दोरीच्या एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया आणि लेकरं. दहा-अकरा वर्षांचा होईस्तोवर मी आक्काच्या बाजूला बसलो, म्हणून मला तिकडचं ठाऊक आहे. पुरुषांच्या बाजूला शिट्ट्या आणि शेरे. बायांच्या बाजूला सबंध पिक्चरवर चर्चा चालायची, अगदी मोठ्यानं. सून कामाला जुंपली की "हिच्या माहेरचं कुणी मेलं का सगळं?" सासू दिसली की एकच कल्लोळ, आणि शेजारी स्वतःची सासू बसलेली असली तरी. मी एका सासूला पडद्यावरल्या सासूला शिव्या घालताना ऐकलंय, आणि तिची सून शेजारी पदरात तोंड घालून हसत होती. रडायच्या जागी रडणं इतकं एकजात की पुरुषांची बाजूसुद्धा गप्प व्हायची. घरात रडलं तर 'काय झालं' विचारतात आणि मग कारण सांगावं लागतं. तिथं विचारणारं कुणी नव्हतं.

आता मोटारीतल्या ड्राइव्ह-इनमध्ये मला जे खटकतं ते इथंच. काचा वर, एसी चालू, आवाज आपल्याच गाडीच्या रेडिओत. शेजारची गाडी हसते की रडते पत्ता नाही. ज्याला आवडतं त्यानं बघावं, भाच्याला मजा आली तर मला आनंद आहे. पण त्याला आमच्याहून पन्नास वर्षं पुढचं म्हणू नका.

मग तंबू गेला कसा? 'टीव्हीनं मारलं' हे ठरलेलं उत्तर आहे आणि ते अर्धंच खरं आहे. टीव्हीवर रामायण १९८७ ला सुरू झालं, व्हिडिओ त्याच्याही आधी आला. गणपतीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणून रात्रीत चार-चार पिक्चर बघायची पद्धत आमच्या गावानं पाळली. तरी तंबू लागत होते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आमच्या भागात काही काळ करमणुकीचं नाव काढायची कुणाची हिंमत नव्हती, पण जत्रा भरल्या आणि तंबूही परत आले. २००५ नंतरची वर्षं आठवा. खेड्यांत बारा-बारा तास भारनियमन. घरात रंगीत टीव्ही होता, त्यावर कापडी झालर होती, लाइट तेवढी नव्हती. जनरेटर कुणाकडं होता? तंबूवाल्याकडं. टीव्ही मारणार असता तर तेव्हा टीव्हीच आधी मेला असता.

माझ्या मते तंबूच्या पायाखालची जागा गेली. शब्दशः जागा. जत्रेतल्या जागांचा लिलाव होतो किंवा भाडी ठरतात. पाळणा, मौत का कुआँ, ब्रेक डान्स, मिठाईची दुकानं. पाळणा दहा मिनिटांत एक फेरी मारतो आणि दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत फिरतो. तंबूला त्याच्या कितीतरी पट जागा लागते, अंधार पडल्याशिवाय सुरू होत नाही, रात्रीत खेळ दोन, फार तर तीन. तिकीट वाढवावं तर बाया येत नाहीत. चौरस फुटाच्या हिशेबात तंबू पाळण्यापुढं टिकणं शक्यच नव्हतं. अमेरिकेतल्या ड्राइव्ह-इनवाल्यांच्या वाट्याला जे आलं तेच, फक्त तिथं मॉल आला, इथं आकाशपाळणा.

वर परवान्यांची वारी. जिल्हाधिकारी कचेरीचा परवाना, पोलिसांची ना-हरकत, विजेचा दाखला, आणि हे मुक्काम बदलला की पुन्हा. आगीचं भय खरं असतं, नियम असायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण आयुष्यभर हिंडणाऱ्या माणसाला प्रत्येक मुक्कामी नवखा समजणारी व्यवस्था मला पटत नाही. मामा म्हणायचा, पिक्चर दाखवायला तीन तास लागतात आणि दाखवायची परवानगी मिळवायला तीन आठवडे.

शेवटचा दणका फिल्मच बंद झाल्याचा. २०१३-१४ च्या सुमारास प्रिंट निघणं जवळजवळ थांबलं, सगळं डिजिटल झालं. काही मालकांनी कर्ज काढून नवे प्रोजेक्टर घेतले. मामाच्या मालकानं घेतला नाही, त्याचं जुनं मशीन किलोच्या भावानं भंगारात गेलं. आणि मग २०१६ उजाडलं. एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी, सप्टेंबरमध्ये फुकटचं इंटरनेट, नोव्हेंबरात नोटबंदी. पाच-दहाच्या नोटांवर आणि सुट्ट्या नाण्यांवर चालणारा धंदा, दुष्काळानं आधीच रिकामे झालेले खिसे, आणि हातातल्या मोबाइलवर पिक्चर. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजवरचा एक माहितीपट थेट फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवला गेला, तिथं त्याचा गौरवही झाला. चांगलंच झालं. पण कानला टाळ्या पडल्या तेव्हा इकडं कनाती गोणपाटाच्या भावात विकल्या जात होत्या, हेही लिहून ठेवायला हवं. राहिलेलं कोरोनानं पुसलं, जत्राच दोन वर्षं बंद.

मला तंबू जसाच्या तसा परत नकोय. घासलेल्या प्रिंटसाठी, जनरेटरच्या धुरासाठी आणि घोंगडीतल्या पिसवांसाठी उमाळे काढणाऱ्यांपैकी मी नाही. मामाच्या फुफ्फुसात त्या हौद्यातला किती धूर गेला ते त्याचं त्याला ठाऊक. आणि दोरीच्या दोन बाजू सांगताना हेही सांगतो की गावकुसाबाहेरच्या माणसांची घोंगडी कुठं पसरायची, हे न सांगता ठरलेलं असायचं. आठवणी लिहिणारे एवढं गाळतात आणि 'सगळं गाव एकत्र बसायचं' असं लिहून मोकळे होतात. बसायचं एकत्र, पण कसं, तेही लिहा.

मागणं छोटं आहे. माळेगावला नांदेड जिल्हा परिषद पशुप्रदर्शन भरवते, कुस्त्यांची दंगल भरवते, लावणी महोत्सव करते, आणि ते सगळं उत्तम आहे, मी दरवेळी बघतो. त्यात एक रात्र पडद्याला द्या. जागा लिलावातून वगळा, जशी कुस्तीच्या आखाड्याची कुणी बोली लावत नाही. डिजिटल प्रोजेक्टर आता हातात मावेल एवढा मिळतो, त्यासाठी लॉरी लागत नाही. शेजारी एक जुनं मशीन नुसतं उभं करा, कुठल्यातरी बंद टॉकीजच्या माळ्यावर नक्की पडलेलं असेल, आणि ते चालवलेला एखादा म्हातारा ऑपरेटर खुर्ची टाकून बसवा. पोरं विचारतील, तो सांगेल, त्याला मानधन द्या. येरमाळ्याला येडाईच्या चैत्री यात्रेत करा, पैठणला नाथषष्ठीला करा. आमच्या जत्रांना तारीख विचारावी लागत नाही, पंचांगात छापलेली असते.

पिक्चर मराठीच लावा, कोणता लावायचा त्यावर भांडण होणार, ते खुशाल होऊ द्या. तिकीट ठेवा, फुकट नको, फुकट म्हटलं की नेत्याचं भाषण आधी होतं. आणि मधली दोरी बांधायची की नाही, ते तेवढं बायांना विचारून ठरवा. आक्का आता नव्वदीला आलीय, ती म्हणते दोरी राहू द्या, पुरुष लई बोलतेत.